जोसेफ जेम्स फॉरेस्टर

जोसेफ जेम्स फॉरेस्टर, बॅरन दि फॉरेस्टर (मे १८०९, हल, इंग्लंड – १२ मे १८६१, काशाँव द व्हालेइरा, पोर्तुगाल) हे पोर्तुगालमधील पोर्तू शहरात स्थायिक झालेले ब्रिटिश मद्यव्यापारी, नकाशाकार, चित्रकार आणि छायाचित्रकार होते. दोउरो नदीच्या पोर्तुगीज भागाचा पहिला तपशीलवार नकाशा त्यांनी तयार केला. पोर्ट या वाइनमध्ये होणारी भेसळ त्यांनी १८४४ मध्ये उघडकीस आणली. पोर्टमध्ये ब्रँडी मिसळण्याच्या प्रथेलाही त्यांनी आयुष्यभर विरोध केला. भेसळीबाबतचे त्यांचे म्हणणे पुढे मान्य झाले, ब्रँडीबाबतचे मात्र झाले नाही. आज जगभर जिची पारख केली जाते ती जुनी व्हिंटेज पोर्ट त्यांनी नाकारलेल्या पद्धतीनेच बनते.

== पार्श्वभूमी ==

पोर्ट ही वाइन उत्तर पोर्तुगालमधील दोउरो नदीच्या वरच्या खोऱ्यात तयार होते. पाटीसारख्या थरांच्या खडकात खोदलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारांवर तेथील द्राक्षबागा आहेत. उन्हाळा अतिशय कडक असतो. फॉरेस्टर यांच्या काळात तयार वाइनची पिंपे राबेलो नावाच्या सपाट तळाच्या, चौकोनी शिडाच्या होड्यांतून नदीवाटे खाली येत आणि पोर्तूसमोरील व्हिला नोव्हा दि गाया येथील वखारींत मुरवली जात. तेथून ती प्रामुख्याने इंग्लंडला रवाना होत. १७०३ च्या मेथुएन तहान्वये पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात बसे. इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढ्या पोर्तूत वाढीस लागल्या त्या यामुळेच.

व्यापार वाढताच भेसळही वाढली. फिक्या वाइनला रंग यावा म्हणून एल्डरबेरी या झुडपाच्या काळ्या फळांचा रस घातला जाई. त्यावर उपाय म्हणून पोर्तुगालचे प्रधान मार्किस पोंबाल यांनी १७५६ मध्ये दोउरोच्या द्राक्षबागांसाठी एक सरकारी कंपनी स्थापन केली, बागायतीच्या प्रदेशाची हद्द ठरवून दिली आणि एल्डरबेरीची झाडे उपटून टाकण्याचा हुकूम काढला. कोणती वाइन निर्यातीस योग्य हे कंपनीचे चवपारखी ठरवू लागले. १८३४ मध्ये कंपनीचे विशेषाधिकार रद्द झाले, परंतु १८३८ मध्ये तिला पुन्हा अधिकार मिळाले. फॉरेस्टर यांचा पुढील संघर्ष मुख्यतः याच कंपनीशी आणि तिच्या चवपारखींशी होता.

गोव्यात पोर्ट वाइन या नावाने विकले जाणारे गोड तांबडे मद्य दोउरोच्या खोऱ्यातील नव्हे. पोर्तुगीज राजवटीबरोबर ते नाव गोव्यात रुळले. या लेखात पोर्ट म्हणजे दोउरोची वाइन असे समजावे.

== सुरुवातीचे जीवन ==

फॉरेस्टर यांचा जन्म हल येथे एका स्कॉटिश कुटुंबात झाला. त्यांचे काका जेम्स फॉरेस्टर हे पोर्तूतील ऑफ्ली, फॉरेस्टर आणि वेबर या पेढीत भागीदार होते. १८३१ मध्ये जोसेफ त्या पेढीत काम करण्यासाठी पोर्तूत आले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी पोर्तुगालमधील राजगादीच्या यादवीत पोर्तू शहराला वेढा पडला. तो १८३३ च्या ऑगस्टपर्यंत चालला. माघार घेणाऱ्या सैन्याने गाया येथील कंपनीच्या वखारींना आग लावली, तेव्हा हजारो पिंपे वाइन दोउरोच्या पात्रात वाहून गेली. व्यवसायाची अशी सुरुवात पाहिलेल्या तरुणाने पोर्तू सोडले असते तर नवल नव्हते. फॉरेस्टर मात्र तेथेच राहिले, पोर्तुगीज भाषा शिकले आणि इतर इंग्रज व्यापाऱ्यांहून वेगळ्या रीतीने देशात मिसळले. बहुतेक इंग्रज व्यापारी शहरातील आपल्या क्लबांपुरते आणि वखारींपुरते जगत. फॉरेस्टर मात्र वारंवार नदीच्या वरच्या खोऱ्यात जात आणि बागायतदारांना भेटत.

ते कुशल चित्रकार होते. पोर्तूतील इंग्रज व्यापाऱ्यांच्या मुख्य रस्त्याचे त्यांनी १८३४ मध्ये काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात रस्त्यावर गटागटाने उभे राहून बोलणारे त्या काळचे व्यापारी दिसतात. त्या पिढीतील व्यापारी समाजाचे हे एक विश्वसनीय दर्शन मानले जाते.

== दोउरोचा नकाशा ==

दोउरो त्या काळी अत्यंत धोकादायक नदी होती. खडकाळ अरुंद घळया, द्रुतवाह आणि पावसाळ्यातील पूर यांमुळे होड्या फुटत आणि माणसे बुडत. नदीतील वाहतूक सुरक्षित व्हावी, या हेतूने फॉरेस्टर यांनी तिचे सर्वेक्षण हाती घेतले. सुमारे बारा वर्षे ते व्यवसायाबरोबरच हे काम करीत होते. १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नकाशात स्पेनच्या सरहद्दीजवळील व्हिल्व्हेस्त्रेपासून समुद्रास मिळणाऱ्या साँव जुवाँव द फोजपर्यंतचे नदीचे पात्र दाखवले आहे. द्रुतवाह, खडक, गावे आणि बागा त्यात बारकाईने नोंदवल्या आहेत. पोर्तुगीज सरकारने हा नकाशा अधिकृत राष्ट्रीय नकाशा म्हणून स्वीकारला.

त्याआधी, १८४३ मध्ये, त्यांनी केवळ द्राक्षबागांच्या प्रदेशाचा स्वतंत्र नकाशा तयार केला होता. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेच्या एका निवड समितीच्या आदेशाने तो १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा छापण्यात आला. खोऱ्याच्या भूस्तरांचाही त्यांनी नकाशा काढला. या नकाशांचे महत्त्व केवळ भूगोलापुरते नाही. वाइनची चव जमिनीवर अवलंबून असते, म्हणून ती कोणत्या उतारावरून आली हे नोंदवले जावे, अशी त्यांची धारणा होती. ज्या वाइनचा उगम माहीत नाही तिच्या शुद्धतेविषयी काही म्हणता येत नाही, हा त्यांच्या पुढील वादाचा पाया होता.

== १८२० चे पीक ==

१८२० साली दोउरोत द्राक्षे असामान्य रीतीने पिकली. त्या वर्षीची वाइन नेहमीपेक्षा गडद, दाट आणि गोड निघाली. इंग्लंडमधील गिऱ्हाइकांना ती इतकी आवडली की पुढील वर्षांच्या वाइननेही तशीच असावे अशी मागणी होऊ लागली. निसर्ग मात्र दरवर्षी १८२० सारखे पीक देत नाही. व्यापाऱ्यांनी मग तीच चव हाताने बनवायला सुरुवात केली. किण्वन पूर्ण होण्यापूर्वीच द्राक्षरसात ब्रँडी घालून त्यातील साखर टिकवली जाऊ लागली, आणि रंग कमी पडला तर एल्डरबेरीचा आधार घेतला जाऊ लागला. जेरोपिगा या नावाचे एक मिश्रणही वापरात होते. त्यात न आंबलेला द्राक्षरस, ब्रँडी, गोडी आणि रंग एकत्र केलेले असत.

फॉरेस्टर यांच्या विचारांच्या मुळाशी १८२० ही घटना आहे. त्यांच्या मते एका अपवादात्मक वर्षाची चव हा मापदंड बनला आणि त्यामुळे सर्व सामान्य वर्षांची खरी वाइन निकृष्ट ठरू लागली. खऱ्या पोर्टचे किण्वन पूर्ण झालेले असावे, ती कोरडी असावी, तिच्यात ब्रँडी नसावी किंवा अगदी थोडी असावी, असे त्यांचे मत होते. ब्रँडी घालण्याची प्रथा त्यांच्या आधीही होती. लांबच्या समुद्रप्रवासात वाइन टिकावी म्हणून ती थोड्या प्रमाणात घातली जाई. फॉरेस्टर यांचा आक्षेप तिच्या वाढत्या प्रमाणावर आणि किण्वन अर्धवट थांबवण्यासाठी होणाऱ्या वापरावर होता.

== १८४४ ची पुस्तिका ==

१८४४ मध्ये पोर्ट वाइनविषयी एक छोटी पुस्तिका इंग्लंडमध्ये निघाली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते, परंतु ती फॉरेस्टर यांनी लिहिली आहे हे पोर्तूत लपून राहिले नाही. तिच्या आठ आवृत्त्या भराभर संपल्या. इंग्लंडमध्ये पोर्टचा खप घटण्याचे कारण गिऱ्हाइकांची बदललेली अभिरुची नसून वाइनमधील भेसळ आणि जास्तीची ब्रँडी आहे, असे त्यांनी मांडले.

पुस्तिकेतील सर्वांत बोचणारा भाग चवपारखींसंबंधी होता. कंपनीचे पारखी नमुने चाखून वाइनची प्रतवारी करीत. निर्यातीच्या पहिल्या प्रतीसाठी वाइन गडद रंगाची, भरीव आणि गोडसर असणे आवश्यक मानले जाई. ज्याच्या बागेतील वाइन स्वाभाविकपणे हलकी आणि कोरडी निघे, त्या बागायतदाराला दोनच मार्ग उरत. एक तर कमी दर पत्करावा, नाही तर जेरोपिगा घालून वाइन पारख्यांच्या पसंतीस उतरवावी. अशा रीतीने जी व्यवस्था भेसळ रोखण्यासाठी निर्माण झाली, तीच भेसळीला भाग पाडू लागली. प्रस्तुत चरित्राच्या दृष्टीने फॉरेस्टर यांचे हे निरीक्षण त्यांच्या इतर कोणत्याही विधानापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण त्यात दोष एखाद्या लबाड व्यापाऱ्यावर न टाकता चवीच्या ठरावीक मापावर टाकला आहे.

प्रतवारीबरोबर निर्यातीचे परवानेही दिले जात आणि त्यांची खरेदी-विक्री होई. परवाना एका बागेचा आणि पिंपातील वाइन भलत्याच ठिकाणची, असे सर्रास घडे. करांची रचनाही विचित्र होती. युरोपात जाणाऱ्या एका पिंपावर सुमारे ६ पौंड कर पडे, तर इतर खंडांत जाणाऱ्या तशाच पिंपावर केवळ ६ पेन्स. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकालाच सर्वांत महाग माल विकण्याचा हा प्रकार आहे, अशी टीका फॉरेस्टर यांनी केली.

पुस्तिकेमुळे पोर्तूतील इंग्रज व्यापारी समाज खवळला. त्यांच्यातल्याच एकाने धंद्याची गुपिते इंग्लंडच्या गिऱ्हाइकांपुढे उघडी केली होती. उत्तरादाखल अनेक पत्रके निघाली. फॉरेस्टर यांची स्वतःची पेढीही त्याच बाजारात, त्याच गिऱ्हाइकांना माल विकत होती, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांच्या पथ्यावर पडणारी होती आणि तिला समाधानकारक उत्तर देणे अवघड होते. दोउरोच्या वरच्या खोऱ्यातील बऱ्याच बागायतदारांचा पाठिंबा मात्र त्यांना मिळाला. १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवड समितीसमोर वाइनवरील जकातीसंबंधी त्यांनी साक्ष दिली आणि तेथेही हेच मुद्दे मांडले.

== इतर कार्य आणि सन्मान ==

पोर्तुगालची शेती, व्यापार आणि साधनसंपत्ती यांविषयी त्यांनी लिहिलेल्या निबंधाला इंग्लंडमध्ये ऑलिव्हेरा पारितोषिक मिळाले. १८५० च्या दशकात ऑयडियम या बुरशीने दोउरोच्या बागांचे मोठे नुकसान केले. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदार जिला भुरी म्हणून ओळखतात तोच हा रोग. फॉरेस्टर यांनी रोगट पानांचा आणि घडांचा अभ्यास करून त्यांची चित्रे काढली. याच काळात ते छायाचित्रणाकडे वळले. पोर्तुगालमधील आरंभीच्या छायाचित्रकारांत त्यांची गणना होते.

१८५५ मध्ये पोर्तुगालचे राजप्रतिनिधी फर्नांदो दुसरे यांनी त्यांना बॅरन हा किताब दिला.

== मृत्यू ==

काशाँव द व्हालेइरा ही दोउरोवरील एक कुप्रसिद्ध घळई होती. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तेथील एका प्रचंड खडकामुळे होड्या पुढे जाऊच शकत नसत. १७८० ते १७९२ या काळात तो खडक फोडून वाट करण्यात आली, पण द्रुतवाह कायम राहिला. फॉरेस्टर यांनी आपल्या नकाशात तो नोंदवला होता.

१२ मे १८६१ रोजी ते दोना अँतोनिया अदेलाइद फेरेरा यांच्याबरोबर होडीतून नदीच्या खालच्या दिशेने येत होते. दोना अँतोनिया या दोउरोतील सर्वांत मोठ्या बागायतदारांपैकी एक होत्या, आणि त्यांच्या व्हेसूव्हिओ या मळ्यावर पाहुणचार घेऊन मंडळी निघाली होती. व्हालेइरा येथे होडी उलटली. दोना अँतोनिया वाचल्या. त्यांच्या फुगीर घेरदार झग्यात हवा अडकल्यामुळे त्या पाण्यावर तरंगत राहिल्या, अशी कथा दोउरोत आजही सांगितली जाते. फॉरेस्टर यांच्या कमरेला सोन्याच्या नाण्यांचा कसा होता आणि त्याच्या भाराने ते तळाशी गेले, असेही सांगतात. या दोन्ही कथांत लोकांच्या कल्पनेचा भाग किती हे ठरवणे कठीण आहे. फॉरेस्टर यांचा मृतदेह मात्र कधीच सापडला नाही. त्या दुर्घटनेच्या वेळी त्यांच्या वयाला ५२ वर्षे पूर्ण होत आली होती.

== ब्रँडीचा वाद आणि जुनी व्हिंटेज पोर्ट ==

फॉरेस्टर यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८६५ मध्ये, जुनी नियंत्रणे संपुष्टात आली. ब्रँडीचा वापर मात्र थांबला नाही, उलट तोच पोर्टचा स्थायिभाव बनला. आजच्या पद्धतीत किण्वन सुमारे अर्ध्यावर आले की रसात सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेली द्राक्षाची ब्रँडी घालतात. तिचे प्रमाण एकूण मिश्रणाच्या साधारण एक पंचमांश असते. त्यामुळे यीस्ट मरते, नैसर्गिक साखर शिल्लक राहते आणि तयार वाइनमधील अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते.

व्हिंटेज पोर्ट ही एकाच उत्तम वर्षाच्या द्राक्षांची असते. ती दोन-तीन वर्षेच पिंपात राहते आणि नंतर बाटलीत अनेक दशके मुरते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आडव्या ठेवता येतील अशा सरळ दंडगोल बाटल्या प्रचारात आल्या, म्हणून हे शक्य झाले. तरुणपणी ही वाइन जवळजवळ काळी, तुरट आणि दाहक असते. वीस, तीस, चाळीस वर्षांत रंगद्रव्ये आणि तुरट द्रव्ये एकमेकांशी जोडली जाऊन जड होतात आणि बाटलीच्या आतील बाजूस गाळाचा थर धरतात.

अशा बाटलीची पारख करण्यापूर्वी ती एक-दोन दिवस उभी ठेवतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुने बूच ठिसूळ झालेले असते आणि पुष्कळदा तुटते. मग वाइन एका लयीत, न थांबता दुसऱ्या काचपात्रात ओततात. बाटलीच्या मानेमागे दिवा किंवा मेणबत्ती ठेवून गाळाची पहिली रेघ दिसताच ओतणे थांबवतात. पारखी प्रथम पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरका धरून कडेचा रंग पाहतो. जांभळा रंग गेलेला, मध्यभागी माणकासारखा आणि कडेला विटकरी असा रंग वयाची साक्ष देतो. वासात ताज्या फळाच्या जागी सुके अंजीर, मनुका, अक्रोड, मसाले किंवा चामडे यांचा भास असतो. जिभेवर गोडी मागे सरते आणि तुरटपणा मऊ होतो. घोट गिळल्यावर चव किती वेळ टिकते यावर बाटलीची योग्यता ठरते.

शेवटची परीक्षा ब्रँडीची. चांगल्या जुन्या बाटलीत ती वेगळी कळत नाही. केवळ ऊब जाणवते. घशात स्वतंत्र जळजळ राहिली, किंवा फळ ओसरून केवळ स्पिरिट उरले, तर तो दोष मानतात. फॉरेस्टर यांना जी गोष्ट खटकत होती ती आजही पारखी शोधतात. फरक इतकाच की त्यांनी हा दोष ब्रँडीच्या अस्तित्वात पाहिला, आजचे पारखी तो ती एकजीव न होण्यात पाहतात. काही दशके बाटलीत थांबल्यानंतर ब्रँडी मिसळून जाते, ही गोष्ट फॉरेस्टर यांनी पुरेशी विचारात घेतली नाही, असे म्हणावे लागते. मात्र ज्या काळात ते लिहीत होते त्या काळी सामान्य गिऱ्हाइकाच्या पेल्यात येणारी वाइन मुरलेली क्वचितच असे आणि रंगवलेली बहुधा असे, हेही लक्षात घ्यायला हवे.

सरकारी चवपारखींची संस्थाही टिकून आहे. १९३३ मध्ये पोर्ट वाइनसाठी एक संस्था स्थापन झाली. आजही तिच्या परीक्षकांनी नमुना, उत्पादकाचे नाव न कळता, चाखून मान्य केल्याशिवाय कोणतीही वाइन पोर्ट म्हणून विकता येत नाही. एल्डरबेरीला आणि जेरोपिग्यासारख्या मिश्रणाला तेथे थारा नाही. त्याचबरोबर फॉरेस्टर यांना अभिप्रेत असलेली ब्रँडीविरहित वाइनही तेथे पोर्ट ठरत नाही. तशी कोरडी तांबडी वाइन दोउरोच्या खोऱ्यात आता मोठ्या प्रमाणावर बनते, पण ती दोउरो या नावाने विकली जाते.

== स्मृती ==

दोउरोच्या वरच्या खोऱ्यातील द्राक्षप्रदेशाचा २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १९७० च्या दशकात व्हालेइरा येथे धरण बांधण्यात आले आणि फॉरेस्टर ज्या द्रुतवाहात बुडाले तो पाण्याखाली गेला. पर्यटकांच्या बोटी आता तेथून जलपाशाच्या साहाय्याने जातात. ऑफ्ली या पेढीच्या नावाने पोर्टची विक्री अजूनही होते, आणि तिच्या पिंपात मुरवलेल्या टॉनी पोर्टच्या बाटल्यांवर बॅरन दि फॉरेस्टर हे नाव छापलेले असते. इतर सर्व पोर्टप्रमाणे तिच्यातही ब्रँडी असते.